तेरा दिवस, वीस मैल

ऑस्ट्रेलियाचा नकाशा पुढें घेतला असतां त्याच्या ईशान्येस जमिनीचा एक चिंचोळा पट्टा, वर उचललेल्या बोटासारखा, उत्तरेकडे गेलेला दिसतो. हें केप यॉर्कचें द्वीपकल्प. या बोटाच्या अगदीं नखाशीं, मुख्य भूमि आणि ऑल्बनी नांवाचें एक लहानसें बेट यांच्यामध्यें, एक अरुंद सामुद्रधुनी आहे. २३ डिसेंबर १८४८ रोजीं सकाळीं तेथें ‘एरियल’ नांवाचें जहाज नांगर टाकून उभें होतें. जमिनीवरून येणाऱ्या एका प्रवासी तुकडीची तें वाट पाहत होतें. तुकडी कांहीं आली नाहीं. किनाऱ्यावरील खडकावर मात्र एक आदिवासी उभा असून तो जहाजाकडे पाहून हांका मारीत आहे व खुणा करीत आहे, असें खलाशांना दिसलें. होडी पाठविण्यांत आली. खडकावरचा मनुष्य उपासानें व श्रमानें पार खंगलेला होता. भाल्याची जखम डोळ्याच्या वर झालेली होती. तो ज्या तुकडीची वाट पाहिली जात होती, त्या तुकडींतलाच निघाला. आणि तिच्यांतला तो एकटाच येऊन पोहोंचला होता.

गोऱ्या लोकांनीं त्याचें नांव जॅकी जॅकी असें ठेविलें होतें. त्याचें स्वतःचें नांव गॅल्मारा. ज्या ठिकाणीं त्यानें आपल्या पुढाऱ्यास मूठमाती दिली, तेथून हा खडक सरळ रेषेंत वीस मैलांच्या आसपास असेल. १८५३ सालीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास गेली, ती २१ मैल. तिला सुमारें तासभर लागला. जवळजवळ तेवढेंच अंतर तोडण्यास गॅल्माराला तेरा दिवस लागले. हे तेरा दिवस कशांत गेले, हें समजावयाचें तर सात महिने मागें जावें लागतें.

एडमंड केनेडी हा न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या मोजणी खात्यांतला तरुण अधिकारी. ईशान्य किनाऱ्यानें केप यॉर्कपर्यंत जमिनीवरून वाट काढावी, या कामगिरीवर त्याची नेमणूक झाली. एप्रिल १८४८ च्या अखेरीस तो सिडनीहून जहाजानें निघाला व मे महिन्यांत रॉकिंगहॅम उपसागराच्या किनाऱ्यावर उतरला. बरोबर तेरा माणसांची तुकडी, अठ्ठावीस घोडे, शंभर मेंढ्या, तीन गाड्या. सोबतीस आलेल्या ‘रॅटलस्नेक’ या आरमारी जहाजावर टॉमस हक्स्ली नांवाचा एक तरुण शल्यवैद्य होता. पुढें डार्विनच्या मतांचा कैवारी म्हणून ज्याचें नांव जगभर झालें, तोच हा. केनेडीबरोबर तो त्या रानांत थोडें हिंडूनहि आला. गॅल्मारा हा त्या तेरांतला एक. सिडनीच्या उत्तरेस हंटर नदीचें खोरें आहे, तेथला तो राहणारा. निलगिरीच्या जातीचीं विरळ झाडें, गवताचीं कुरणें, कोरडी हवा, असा त्याचा मुलूख. केप यॉर्कपासून तो दीड हजार मैलांवर. म्हणजे ज्या अरण्यांत हे लोक शिरणार होते, तें केनेडीला जितकें परकें, तितकेंच गॅल्मारालाहि परकें होतें. ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. ‘रानचा मनुष्य, त्याला रान कळणारच’, असें म्हणून लोक मोकळे होतात. जणूं कोंकणच्या कोळ्यास राजपुतान्याच्या वाळवंटांत सोडलें तर तोहि उपजत वाट काढील!

ज्या किनाऱ्यावर ते उतरले त्या बाजूस, टली नांवाच्या गांवीं, वर्षाकाठीं सरासरी ४००० मिलिमीटर, म्हणजे सुमारें १६० इंच पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाच्या दीडपटीहून हा अधिक. किनाऱ्याला लागून खाजणें व तिवरांचीं वनें. त्यांच्या मागें नद्या, दलदल. आणि त्याच्यापुढें डोंगरावर चढत गेलेलें सदा हिरवें अरण्य. अशा अरण्याविषयीं घरबसल्या एक चुकीची समजूत असते. जुन्या, अभंग अरण्याच्या पोटांत झाडी वाटते तितकी दाट नसते. वर शेंड्यांचें छत एकमेकांत इतकें गुंफलेलें असतें कीं खालीं ऊन पोहोंचत नाहीं, आणि ऊन नाहीं म्हणून जमिनीलगत झाडोरा फारसा वाढत नाहीं. खरी कोंडी होते ती कडेला. नदीचा कांठ, वादळानें झाडें पाडलेली जागा, रान संपून दलदल सुरू होते ती शीव, अशा जेथें म्हणून उजेड पडतो तेथें वेलींची भिंत उभी राहते. आणि नदीनाले तर पावलोपावलीं. त्यामुळें प्रवाशाच्या वांट्यास अरण्याचें पोट थोडें आणि कडाच फार येतात.

या भिंतींतील मुख्य चीज म्हणजे वेत. आपल्याकडे खुर्च्या विणण्यास वापरतात त्याच्याच कुळांतला हा वेत झाडांच्या आधारानें वर चढतो आणि खालीं चाबकासारख्या लांब दोऱ्या सोडतो. त्यांवर उलटे आंकडे असतात. एकदां कपड्यांत किंवा कातडींत शिरले कीं पुढें ओढावें तों ते अधिक रुततात. सुटका करून घ्यावयाची तर मागें सरावें लागतें. तिकडील लोकांनीं या वेलीस ‘वकील’ असें नांव दिलें आहे. एकदां पकडलें म्हणजे सोडीत नाहीं, असा त्या नांवाचा खुलासा करतात. मुंबईच्या कोर्टाशीं ज्यांचा संबंध आला असेल त्यांना तो निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं. जोडीला एक खाजरें झाड आहे. त्याच्या पानांवर कांचेसारखीं बारीक, विषारी लव असते. ती अंगांत मोडून राहिली म्हणजे आग कित्येक दिवस, कधीं कधीं महिनेहि, पुन्हा पुन्हा उठते.

या मुलखांत तीन गाड्या घेऊन केनेडी शिरला. एकेक गाडी पुढें नेण्यासाठीं कुऱ्हाडीनें आधीं तेवढा रस्ता तोडावा लागे. घोडे चिखलांत रुतत. दलदलीला वळसा घालण्यासाठीं उत्तरेकडे जाणारी मंडळी पुष्कळ दिवस दक्षिणेकडेच चालत होती. जुलैच्या मध्यास गाड्या तेथेंच टाकून द्याव्या लागल्या. वाटेंत तेथील रहिवाशांशीं चकमक झाली आणि गोळ्या झाडल्या गेल्या. त्या लोकांच्या बाजूनें पाहिलें तर यांत नवल तें काय? हत्यारबंद माणसांचा एक तांडा, त्यांनीं कधीं न पाहिलेलीं जनावरें घेऊन, त्यांच्या पाणवठ्यांवरून आणि शिकारीच्या रानांतून परवानगीवांचून चालला होता. त्याचे पडसाद पुढील पांच महिने उमटत राहिले.

ऑगस्टमध्यें प्रिन्सेस शार्लट उपसागरांत एक जहाज भेटावयाचें होतें. तुकडी तेथें पोहोंचली ऑक्टोबरांत. जहाज केव्हांच निघून गेलें होतें. पीठ संपत आलें. थकलेले घोडे मारून त्यांचें मांस वाळवून खाण्याची पाळी आली. नोव्हेंबरच्या मध्यास वेमथ उपसागराजवळ केनेडीनें एक कठीण निर्णय केला. चालण्यास असमर्थ अशीं आठ माणसें वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कॅरन याच्या हवालीं करून तेथेंच ठेवावीं, आणि आपण चौघांना घेऊन जहाज गाठून मदत आणावी. पुढें शेलबर्न उपसागराच्या आसपास त्या चौघांतल्या एकाला स्वतःच्याच बंदुकीची गोळी चुकून लागली, दुसरा आजारी पडला, तिसऱ्यास त्यांच्या शुश्रूषेसाठीं ठेवावें लागलें. उरले केनेडी आणि गॅल्मारा.

द्वीपकल्पाच्या या टोंकास अखंड वर्षावन नाहीं. कोठें खुरटी झुडपें, कोठें वाळूचें रान, कोठें तिवरांचा चिखल, आणि मधून मधून वेलींनीं गच्च झालेलीं वर्षावनाचीं बेटें. एस्केप नदीच्या परिसरांत लोक त्यांच्या मागावर राहिले. घोडे भाल्यांनीं जखमी झाले; एक भाला गॅल्माराच्या डोळ्यावर लागला. केनेडीला पाठींत, पायांत व कुशींत असे तीन भाले लागले. गॅल्मारानें त्याला उचलून झाडींत नेलें. कागदपत्र जहाजाच्या कप्तानाकडे पोहोंचवावेत असें केनेडीनें सांगितलें, मग लिहावयास कागद मागितला. गॅल्मारानें कागद व पेन्सिल हातीं दिली. लिहिण्याचा यत्न करतां करतां केनेडी मागें कलला, तो गॅल्मारानें धरला तेव्हां मेलेला होता. गॅल्मारानें पुढें जी जबानी दिली तींत तो सांगतो, कीं तो बराच वेळ रडला. नंतर त्यानें हातकुऱ्हाडीनें जमीन उकरली, प्रेत पुरलें, आणि त्यावर ओंडके, गवत व अंगावरचे आपले कपडे घातले.

आतां तेरा दिवसांचा हिशोब सुरू होतो. अंधार पडण्याच्या सुमारास तो निघाला. झाडींतून सरळ जावें तों पुन्हा भाले आले. तो मागें फिरला, आणि एस्केप नदीस मिळणाऱ्या एका ओढ्यांत उतरला. केवळ डोकें पाण्याबाहेर ठेवून, खळबळ होऊं न देतां, हळूहळू, तो ओढ्यांतून सुमारें अर्धा मैल गेला. मागावर असणाऱ्यांस पाण्यांत पाऊल उमटलेलें दिसत नाहीं. आणि वेलींच्या भिंतींत पाण्याचा ओहोळ हाच काय तो तयार रस्ता असतो. या नद्यांना मगरी आहेत, हें त्यास ठाऊक नव्हतें असें नाहीं. भाला आणि मगर यांत त्यानें त्या रात्रीं मगर पत्करली. मग बाहेर पडून तो जवळजवळ रात्रभर चालला आणि विस्तव न पेटवितां रानांत झोंपला. विस्तवाचा धूर आणि उजेड किती दुरून दिसतो हें आपल्याकडील कोणीहि ठाकूर किंवा कातकरी सांगेल.

केनेडीचे कागद त्यानें एका पोकळ ओंडक्यांत लपविले. पाण्यांत भिजून त्यांचा लगदा होण्यापेक्षां जागा लक्षांत ठेवणें त्याला अधिक भरंवशाचें वाटलें असावें.

पुढील दिवस शौर्यकथेला शोभतील असे नाहींत. एके दिवशीं एक मैल, आणि खाण्यास केवड्याच्या जातीच्या एका झाडाचें फळ. दुसरे दिवशीं दोन मैल. थोडें टेंकावें म्हणून बसला तो उठतांच येईना. उठावयास जाई तों अंगांत गोळे येऊन पुन्हा पडे. त्या जागीं तो दोन दिवस पडून राहिला. उठल्यावर पुन्हा मैलभर. त्या दिवशीं एकच रानफळ. मग अर्धा मैल चालून चांगलें पाणी लागलें, तेथें सबंध दिवस बसून काढला. शहरांत राहणाऱ्यास हा वेळ वायां गेला असें वाटेल. परंतु उपाशी मनुष्य अरण्यांत मरतो तो बहुधा थांबल्यामुळें नव्हे. घाबरून धांवल्यामुळें, घाम गाळल्यामुळें आणि दिशा चुकल्यामुळें मरतो. डिसेंबर महिना म्हणजे तिकडील पावसाळ्याचें तोंड. हवा दमट, अंगावरचा घाम वाळत नाहीं. पाणी आहे तेथें थांबणें आणि शक्ति आली म्हणजेच चालणें, हा त्याचा क्रम होता.

त्यानंतर तिवरांची एक मोठी दलदल आडवी आली. रत्नागिरीकडील खाडींत ओहोटीच्या वेळीं ज्यांनीं पाय टाकला असेल त्यांस तो चिखल नवा नाहीं. फरक इतकाच कीं येथें ओरडून बोलावण्यास पलीकडे कोणी तर नव्हतेंच, उलट ओरडणेंच धोक्याचें होतें. गॅल्मारा दलदलींत शिरला नाहीं. तिला पूर्ण वळसा घालून संध्याकाळपर्यंत तो बराच पुढें आला. दुसरे दिवशीं सकाळीं माणसांच्या पावलांची मोठी, मळलेली वाट दिसली. सोपी वाट तीच होती. तो तिच्यापासून दूर झाला व वाळूच्या जमिनीनें निघाला. पुढें एक मोठी नदी आणि एक तळें; तळ्यांत मगरीच मगरी. तेथून सामुद्रधुनी दहा मैल, असा त्याचा अंदाज.

मावळतीस तो टेंकड्यांच्या रांगेंत आला आणि एका झाडावर चढला. झाडीच्या पलीकडे ऑल्बनी बेट दिसलें. केनेडीनें तें त्याला आधीं दुरून दाखविलेलें होतें. पहांटे चार वाजतां उतरणीनें, मोकळ्या रानांतून, अंगांत असेल तेवढ्या बळानें तो निघाला. इतक्या दिवसांत पहिल्यानेंच घाईनें चालला. पण बेटाच्या उत्तरेस तो थोडा अधिक गेला. एका टेंकडीवरून त्यानें पाहिलें तों पुढें वाळूचा किनारा संपलेला. यापुढें जमीन नाहीं, अर्थात् केप यॉर्क हेंच, असें त्यानें ठरविलें. तेथें तो बराच वेळ बसला. जहाज आंतल्या बाजूस, मुख्य भूमीला खेटून उभें असेल, हे केनेडीचे शब्द त्याला आठवले. नकाशा जवळ नव्हता. मेलेल्या माणसाचें एक वाक्य आणि वाळूची टोंकाला आलेली पट्टी, एवढ्यावर हिशोब बसवून तो मागें वळला आणि थोडें चालतांच जहाज दिसलें.

जहाज आणि तो यांच्यामध्यें आतां किनारा होता, आणि किनाऱ्यावर माणसें होतीं. या माणसांनाच तो तेरा दिवस टाळीत आला होता. त्याला भेटल्या दोन आदिवासी स्त्रिया, भोंवतीं बरींचशीं मुलें. त्या कांहीं म्हणाल्या. त्यांची भाषा त्याची नव्हे. त्यानें खाण्यासाठीं अंडीं मागितलीं. एकीनें कासवाचीं अंडीं दिलीं. त्यानें तिला आपल्याजवळचें विस्तव पेटविण्याचें भिंग दिलें. मग तिनें हातानें जहाज दाखविलें. त्यानें तें आधींच पाहिलें होतें.

सगळ्या हकीकतींत या घटकाभराच्या देवघेवीइतकें विचार करण्याजोगें दुसरें कांहीं नाहीं. सात महिने तेरा माणसें बंदुका घेऊन या लोकांच्या मुलखांतून गेलीं आणि त्यांतलीं बहुतेक मेलीं. निःशस्त्र, जखमी, एकटा मनुष्य समोर आल्यावर त्याच लोकांतील एका स्त्रीनें त्याला अन्न दिलें, मोबदला घेतला, आणि न विचारतां वाट दाखविली. गॅल्माराची भीति तेवढ्यानें गेली असें नाहीं. खडकावर उभें राहून हांका मारतांना आपण फार घाबरलेले होतों आणि होडी आली तेव्हां फार फार आनंद झाला, असें तो मोकळेपणीं सांगतो.

जहाजावर चढल्यावर त्यानें विश्रांति घेतली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु मागें राहिलेल्यांचा ठावठिकाणा त्याच्यावांचून कोणाला दाखवितां येण्याजोगा नव्हता. ‘एरियल’ दक्षिणेस निघालें. शेलबर्नजवळील तिघांचा पत्ता लागला नाहीं, तो पुढेंहि कधीं लागला नाहीं. ३० डिसेंबरला जहाज वेमथ उपसागरांत आलें, आणि गॅल्मारा त्या लोकांस घेऊन झाडींतून छावणीकडे गेला. आठांपैकीं दोघेच जिवंत होते : कॅरन आणि गॉडर्ड. आणखी दोघे अवघ्या दोन दिवसांपूर्वीं वारले होते. म्हणजे दोन दिवस पडून राहिलेल्या त्या मुक्कामाचा जाब कोणी विचारूं लागला, तर विचारूं शकेल. पण त्या दोन दिवसांवांचून तो स्वतःच पोहोंचला नसता, आणि मग कॅरनहि राहता ना. तेरांतले वांचले ते तिघे.

पुढील वर्षीं, १८४९ सालीं, ‘फ्रीक’ नांवाच्या जहाजावरून गॅल्मारा पुन्हा त्या रानांत गेला आणि आपण लपविलेले कागद त्यानें शोधून दिले. केनेडीचें प्रेत मात्र सांपडलें नाहीं. गव्हर्नर फिट्झरॉय यानें त्याला गळ्यांत घालावयाचा एक चांदीचा कोरीव पट्टा दिला. त्यावर त्याच्या स्वामिनिष्ठेचा गौरव केलेला आहे. सिडनीच्या सेंट जेम्स देवळांत केनेडीचें स्मारक आहे. त्यांतहि गॅल्माराच्या हातांवर प्राण सोडणारा केनेडी कोरला आहे. निष्ठा खोटी नव्हती. जो मनुष्य शत्रू भोंवतीं असतांना थडगें खणीत बसतो, त्याच्या निष्ठेविषयीं शंका कोण घेईल? परंतु ओढ्यांतून डोकें वर ठेवून चालणें, विस्तव टाळणें, मळलेली वाट सोडणें, झाडावरून बेट हेरणें, वाळूच्या पट्टीवरून भूगोल ओळखणें, यांतलें एकहि काम निष्ठेनें होत नाहीं. तें बुद्धीनें होतें. पट्ट्यावरील लेखांत निष्ठेबरोबर त्याच्या चातुर्याचाहि उल्लेख आहे. तरी झालें तें मोठें विचित्र. पुढें ऑस्ट्रेलियांत ‘जॅकी जॅकी’ हें गोऱ्यांपुढें मान तुकविणाऱ्या आदिवासीला चिडविण्याचें नांव होऊन बसलें, आणि ज्याच्यावांचून एकहि गोरा परत आला नसता त्याचें नांव त्याच्याच लोकांत शिवी म्हणून वापरलें जाऊं लागलें.

तो पट्टा गॅल्मारानें अंगावर घालून मिरविल्याचें दिसत नाहीं. तो आपल्या लोकांत परत गेला. १८५४ सालीं, गुरांच्या एका तांड्याबरोबर प्रवासांत असतांना, ऑल्बरी गांवाजवळ रात्रीच्या मुक्कामीं तो शेकोटींत पडला व भाजून मेला. एस्केप नदीच्या बाजूस तिवरांतून वाहणाऱ्या एका खाडीला नकाशांत आज जॅकी जॅकी असें नांव आहे.